पडद्यापलीकडचं बोलणं

केंदूर,
डिसेंबर १९९८

प्रिय साळू,

गेल्या रविवारी दौंडहून एवढी वाट तुडवून तू मला बघायला आलीस, पण घर पाहुण्यांनी भरलेलं. आपलं बोलणं राहूनच गेलं. माझे टाके सुकलेत. सून असून हर्षदा लेकीसारखं करते, चुलीपुढं बसू देत नाही. माझ्या मल्हारनं सणसवाडीच्या कंपनीत रजा टाकलीय. ह्यांचं तर विचारूच नको. जन्मात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, ते आता सकाळी चहा घेऊन उशाशी उभे राहतात.

तुला आपरेशनचं सांगायचं होतं. शिरूरच्या दवाखान्यात पोटातली गाठ काढायची ठरली, तेव्हा वाटलेलं, झोपवतील आणि उठेन तेव्हा सगळं झालेलं असेल. तसं नसतं गं. पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं अंग माझं राहिलंच नाही. पाय हलवायला गेले तर हलेनात. दोन्ही हात फळ्यांना बांधलेले, तोंडापुढं हिरवा पडदा. भूल देणारा डॉक्टर तरुण, उशाशी बसून गोड बोलायचा. "मावशी, घाबरू नका. यंदा शेतात काय लावलंय?" मी म्हटलं, "कांदा." मग आम्ही कांद्यावरच बोलत राहिलो. दुखत काहीच नव्हतं. पोत्यात हात घालून कुणी चाचपावं तसं आत काहीतरी चाललेलं तेवढं कळत होतं. खरं सांगू, मला हसू येत होतं.

मग पडद्यापलीकडं मोठे डॉक्टर हळू म्हणाले, "सगळीकडे पसरलंय. काढता येण्यासारखं काही राहिलं नाही. बंद करून घ्या."

साळू, मी सातवी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं. "काय पसरलंय, डॉक्टर?" मी विचारलं. पडदा ओढावा, उठून बसावं असं वाटत होतं. पण उठणार कशाच्या जोरावर? तरुण डॉक्टरनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "काही नाही मावशी, डोळे मिटा," म्हणाला आणि सलाईनमध्ये काहीतरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्या खाटेपाशी आला. प्रत्येक पेशंटला विचारायचं असतं म्हणे, आपरेशनच्या वेळी मन कसं होतं, समाधान वाटलं का. विचारताना माझ्याकडं बघेना. हे पायथ्याशी उभे, तोंडावर हसू आणून. मी म्हटलं, "समाधान हाय, डॉक्टर. मला काय बी कळलं न्हाई." तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. "गाठ साधीच व्हती, निघाली समदी," हे म्हणाले. मी मान हलवली.

तेव्हापासून हलवतेच आहे. हे गोठ्यात जाऊन रडतात, लाल डोळ्यांनी परत येतात आणि बैलाच्या शेपटीचा फटका बसला म्हणतात. मी म्हणते, व्हय का. मला ठाऊक आहे असं सांगितलं तर ते कोसळतील. ते नाही सांगितलं तर मी त्यांच्या शेजारी असून एकटी.

येत्या मंगळवारी मला पुण्याला नेणार आहेत. ताकदीची सलाईन लावायची, असं मला सांगितलंय. तुला मात्र खरं सांगितलेलं दिसतं. रविवारी तुम्ही ओसरीवर बोलत होता आणि मी आतून हाक मारली तशी सगळीच गप्प झालात. ह्यांनी तुला शपथ घातली असेल. मला कुणी घातलेली नाही, म्हणून मीच लिहिते. उत्तर पाठवू नको, पोस्टमन पत्र ह्यांच्या हाती देतो. मंगळवारी दौंडहून रेल्वेनं तू परस्पर पुण्याच्या दवाखान्यात ये, कुठला ते तुला ह्यांनी सांगितलंच असेल. ह्यांना औषधं आणायला धाड आणि थोडा वेळ माझ्यापाशी बस. मला रडायचंय, साळू, आणि या घरात सगळ्यांनी माझ्यासाठी इतकं हसू आणलंय की रडायला जागाच उरली नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
गिता