दातांचा दवाखाना आणि माझं बिनचूक सॉफ्टवेअर

३ जून, सोमवार
पुढच्या सोमवारी बायकोचा दातांचा दवाखाना उघडतोय. अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर अर्थातच मी लिहिणार. मेहुणी टेस्टर आहे. म्हणाली, भाऊजी, टेस्टिंगला वेळ ठेवा. हसलो. सुगरण कधी आमटी चाखून बघते का?
दाढ ठणकतेय. दुर्लक्ष केलं की थांबते.

५ जून
झालं! नोंदणी होते. मेसेजही तयार होतो. मेहुणी म्हणाली, हे युनिट टेस्टिंग, सुटे भाग तपासलेत. आता जोडून बघा, ते इंटिग्रेशन टेस्टिंग. म्हटलं, हात शाबूत, पाय शाबूत, म्हणजे माणूस चालणारच. तिने कपाळाला हात लावला. पटलं असावं.

६ जून
तिच्या समाधानासाठी जोडून बघितलं. पेशंट मीच, नंबरही माझाच. लगेच मेसेज आला: सोमवारी दहाला या. ऊर भरून आला.

७ जून, दुपार
बायकोने वेळेचा रकाना मोठा करायला सांगितला. केला. तारीख गायब. तारीख आणली, तर नावं उलटी. मेहुणी म्हणते, एक दुरुस्त केलं की जुनं सगळं पुन्हा तपासायचं, त्याला रिग्रेशन म्हणतात. मी त्याला संशयी स्वभाव म्हणतो.
गाल सुजलाय. भारदस्त दिसतो.

९ जून
बायको म्हणाली, रिसेप्शनिस्टबाईंना एकदा वापरून बघू दे. म्हटलं, उद्यापासून वापरणारच आहेत. मग म्हणाली, पहिल्याच दिवशी कोणी फिरकलं नाही तर माझा धीर सुटेल. म्हटलं, निर्धास्त राहा.
सगळ्या पेशंटना मेसेज सोडले. तेव्हापासून माझा फोन थांबायला तयार नाही. अभिनंदनच असणार. उद्या सावकाश वाचू.

१० जून, सकाळी साडेदहा
कोणीही नाही. कोऱ्या खुर्च्या, आणि पांढऱ्या कोटातली बायको दाराकडे बघतेय.
फोन उघडला. सगळे मेसेज मलाच आलेत. गुरुवारचा माझा नंबर प्रोग्रॅममध्ये तसाच राहिला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच फार वाईट वाटलं.
मेहुणी आणि रिसेप्शनिस्टबाई एकेकाला फोन करताहेत. लोक दुपारी येतो म्हणाले. बायकोने डोळे पुसून विचारलं, मग दहाला कोण होतं? यादीत माझंच नाव.

संध्याकाळ
दाढ गेली. बायको म्हणाली, वेळेवर तपासून घेतली असतीस तर वाचली असती. मेहुणीने जोरात मान डोलावली. दाढेशी तिचा काय संबंध, कळेना.
तोंडात कापूस होता, नाहीतर दोघींना नीट समजावून सांगितलं असतं.