पंपहाउसातला श्रोता

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. हेतू : निरीक्षणं लिहून ठेवणं. भावना लिहायच्या नाहीत, त्यांचा नंतर काही उपयोग होत नाही.

परिस्थिती अशी. बाबा अडतीस वर्षं रॉक बँडमध्ये गिटार वाजवतात. लोक अजून त्यांना रस्त्यात थांबवतात. आता त्यांनी आतल्या खोलीत सिंथेसायझर लावून सहा ट्रॅक केले आहेत. ताल नाही, शब्द नाहीत, नुसते लांबत जाणारे सूर. नाव न देता नेटवर टाकायचे म्हणतात. तांत्रिक काम माझ्याकडे, कारण मी हेडफोन तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे आणि घरातच सापडते.

ठरवलं : बाबांना क्लायंट समजायचं.

५ फेब्रुवारी
तिसऱ्या ट्रॅकमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक शिट्टी. दहा हजार हर्ट्झ. दात शिवशिवतात. क्लायंटला विचारलं, ही मुद्दाम ठेवली आहे का. म्हणाले, कुठली? आवाज वाढवला. म्हणाले, कुठली गं?

शिट्टी काढून टाकली. फाइल सेव्ह केली.

६ फेब्रुवारी
जेवताना कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. अत्यंत शांतपणे. त्या शिट्टीचा आलेख छापून नेला होता. आई म्हणाली, ताटाशेजारी कागद कशाला गं, आमटी सांडेल. बाबा म्हणाले, माझे कान म्हणजे तुझ्या लॅबमधले हेडफोन नाहीत. एप्रिलमध्ये बँडचा मोठा शो आहे, त्याआधी चाचणीबिचणी काही नाही. मी म्हटलं, त्या शोमध्ये उरलंसुरलंही जाईल. ते ताटावरून उठले.

मग दारातून परत आले. म्हणाले, माझं नाव माहीत नसलेल्या एका जरी माणसाने हे नवं काम मनापासून ऐकलं ना, तर स्टेज सोडतो. घे लिहून.

घेतलं. ६ फेब्रुवारी, ८.४०. आईची साक्ष.

१२ फेब्रुवारी
सहाही ट्रॅक नेटवर. नाव नाही, फोटो नाही, फाइलमधली सगळी माहिती पुसलेली. महिनाअखेर शंभर श्रोते धरले आहेत. आकडा मुद्दाम कमी धरला.

२० फेब्रुवारी
एकोणीस वेळा ऐकलं गेलं. त्यांपैकी सोळा वेळा मी (चाचणी म्हणून), दोन वेळा बाबा. उरलेला एक श्रोता दोन सेकंदांत गेला. तो एक चांगला संकेत मानता येईल : लोक पोचत आहेत.

२२ फेब्रुवारी
बँडचे ड्रमर काका तालमीचं ठरवायला आले. दोघं एकमेकांशी रस्ता मधे असल्यासारखे ओरडून बोलतात. काका गेल्यावर बाबा माझ्या दाराशी आले. म्हणाले, आलं का काही? मी म्हटलं, अजून नाही. म्हणाले, बरं, आणि तिथेच उभे राहिले. मग चार्जर कुठाय विचारलं. चार्जर त्यांच्या हातात होता.

२३ फेब्रुवारी
एक खातं उघडलं. पुरुष, वय सदुसष्ट, पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसातून निवृत्त. लिहिलं : ‘आयुष्यभर मोटारींची घरघर ऐकली. तुमच्या दुसऱ्या ट्रॅकमध्ये मोटार बंद केल्यानंतरची शांतता आहे. ती फक्त आम्हालाच माहीत असते.’

हे खोटं नाही. मी खरंच ऐकलं आहे, सोळा वेळा. फक्त नाव, वय आणि नोकरी बदलली. उद्या खातं बंद.

२४ फेब्रुवारी
बाबांनी अभिप्राय तीनदा मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्यांदा फोनवर कुणाला तरी. आई म्हणाली, पंपवाल्याला एवढं कळतं म्हणजे कमालच. मी बाबांना शब्दाची आठवण करून दिली. म्हणाले, एका माणसावरून काय ठरतं? आलेखात एका बिंदूला काही अर्थ असतो का?

हे माझंच वाक्य आहे. चुकीच्या जागी वापरलं आहे.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पंपवाल्याला दोन पानं लिहिली. उत्तर न देणं असभ्य दिसेल. खातं आठवडाभर चालू ठेवते.

४ मार्च
बाबांनी विचारलं, पंप सुरू होताना सूर कसा चढतो. पंपांवरची दोन मॅन्युअलं वाचली. उत्तर साडेतीनशे शब्दांचं झालं. बाबा खूश. मीही, विषय म्हणून, बरंच शिकले.

९ मार्च
बाबांना खऱ्या पंपाचं रेकॉर्डिंग हवं आहे. पंपवाल्याकडे जुनं काहीतरी असेलच, म्हणाले. आमच्या इमारतीच्या पंपाचं रेकॉर्डिंग केलं आणि पाठवलं. हा पंप बाबांच्या खिडकीखाली आहे. तेवीस वर्षं रोज सकाळी सहाला सुरू होतो. ते त्याला शिव्या देत उठायचे.

१० मार्च
रेकॉर्डिंगवर बाबांचं उत्तर : ‘काय आवाज आहे! जुन्या काळची मशिनरीच वेगळी. असा पंप आता ऐकायला मिळत नाही.’

सकाळी सहाला मी त्यांच्या खोलीत डोकावले. पंप चालू होता. बाबा गाढ झोपले होते. हल्ली शिव्या ऐकू येत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१५ मार्च
या आठवड्यात बाबा माझ्याशी एक्केचाळीस शब्द बोलले. त्यांपैकी नऊ चार्जरबद्दल. पंपवाल्याला दोन हजार तीनशे. तुलना करण्याचं कारण नाही, माध्यमं वेगळी आहेत.

आई म्हणाली, तुम्ही बापलेक भिंतीच्या दोन बाजूंना बसून आळीपाळीने टकटक करता, स्वयंपाकघरात दोन्ही ऐकू येतं. मी म्हटलं, योगायोग. आई म्हणाली, असेल बाई, मला काय कळतंय.

१९ मार्च
बाबांचं पत्र, पंपवाल्यास. महत्त्वाचा भाग उतरवून घेते.

‘डाव्या कानात दिवसभर शिट्टी वाजते. उजव्याने निभावतो. तालमीत ड्रमरच्या हातांकडे बघून वाजवतो, त्यालाही माहीत नाही. घरी बोललेलं अर्धंच कळतं, म्हणून मी कमी बोलतो. मुलगी हुशार आहे, पण तिला सांगितलं तर ती तक्ता करेल. मला काय होतंय यापेक्षा किती होतंय, यात तिला जास्त रस.’

नोंद : निरीक्षण एकांगी आहे.

२० मार्च
तक्ता केला. डावा कान, उजवा कान, तारखा, लक्षणं. नंतर डिलीट केला. जागा अडवत होता.

२३ मार्च
योजना. बाबांना चाचणीसाठी तयार करायचं, शोच्या आधी. मी फेब्रुवारीपासून चौदा वेळा सांगून पाहिलं आहे. पंपवाला एकदा सांगून पाहील. त्याला माझ्यापेक्षा कमी माहिती आहे, हा फायदा.

लिहिलं : ‘आमच्याकडे मोटार वेगळा आवाज करू लागली की आधी ती बंद करायची, मग उघडून बघायची. चालू ठेवून कुणी दुरुस्त केलेली मी पाहिली नाही.’

२४ मार्च
बाबांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. २ एप्रिल, सकाळी अकरा. चौदा विरुद्ध एक. पद्धत यशस्वी. मी चेहरा धुऊन कामाला गेले.

२५ मार्च
अडचण. पत्र असं :

‘एक विनंती करतो, हसू नका. तुम्ही सोबत याल का? वीस हजार लोकांसमोर उभा राहिलोय, पण चाचणीच्या त्या बंद पेटीत एकट्याने बसून, आवाज आला की बटण दाबायचं, ते मला जमणार नाही. मी कधीच बटण दाबलं नाही तर? बायकोला सांगितलं तर सगळ्या नातेवाइकांना फोन जातील. मुलीला सांगणार नाही. तुम्हीच या. तुमच्यासमोर लाज वाटणार नाही.’

पंपवाला म्हणाला, येतो. हे मी टाइप केलं तेव्हा अजून काही ठरवलं नव्हतं.

२७ मार्च
पर्याय एक : लॅबमधले मोठे साहेब, वय साधारण जमतं. त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, म्हणजे तुझ्या वडिलांना फसवायला मी यायचं? मी म्हटलं, फसवायला नाही, दिलेला शब्द पाळायला. म्हणाले, मग तू जा की. त्यांना मुद्दा कळला नाही.

३१ मार्च
पर्याय दोन : सगळं सांगून टाकणं. मजकूर तयार केला, सात मुद्दे, शांत स्वर. बाबांच्या दाराशी गेले. ते टाइप करत होते. हाताने खूण केली, थांब जरा, माझ्या मित्राला लिहितोय. दहा मिनिटं थांबले. मग माझ्या फोनवर त्यांचं पत्र आलं. लिहिलं होतं, परवा भेटू, बरं वाटतंय.

सात मुद्दे बाद.

१ एप्रिल
पर्याय तीन, अंतिम : मी तिथे ‘सहज’ असेन. क्लिनिकची यंत्रं तपासायला लॅबतर्फे आले आहे, असं. पंपवाला येऊ शकला नाही, तर मुलगी आहेच. बाबांना एकटं बसावं लागणार नाही आणि कुणाला काही कळायची गरज नाही. तोटे दिसत नाहीत.

२ एप्रिल, ११.२५
क्लिनिकच्या प्रतीक्षागृहात. फोनवर लिहिते आहे.

बाबा माझ्याआधीच आले होते. इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरलेली. मला बघून दचकले. यंत्रांचं कारण सांगितलं. म्हणाले, बरं, आईला बोलू नकोस. मी म्हटलं, मी बसू का सोबत? त्यांनी पिशवीकडे पाहिलं. म्हणाले, ती जागा धरलीये, एक जण यायचाय.

मी समोर बसले. आम्ही दोघांनी त्याची वाट पाहिली. वीस मिनिटं.

काउंटरवरच्या बाईंनी बाबांचं नाव पुकारलं. बाबा दाराकडे बघत होते. पुन्हा पुकारलं, मोठ्याने. बसलेले सगळे वळले. एकाने ओळखलं, शेजाऱ्याला कोपर मारलं. बाबा दाराकडेच बघत होते.

उठून त्यांच्या हाताला हात लावला. म्हटलं, बाबा, तुमचा नंबर. म्हणाले, पाच मिनिटं थांबू दे त्यांना, तो येईल. मग हळूच म्हणाले, नाही आला तर मी घरी जाणार आहे.

वॉशरूममध्ये जाऊन लिहिलं : ‘वाटेत अडकलो. तुम्ही आत जा, मी पोचतोच.’

परत आले तर बाबा फोन वाचत होते. दोनदा वाचला. खांदे सैल झाले. उठले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तू इथेच बस हं. तुला कामं असतील, पण थोडा वेळ बस. सदुसष्टचा आहे, साधासाच माणूस असेल. आला की लगेच आत पाठव.

मी म्हटलं, हो.

दार दिसेल अशा खुर्चीवर बसले आहे.