डाव्या डाळिंबावरचं नाव

मी, रहमा, कै. हेस्केल मेनाशे यांची विधवा, वय वर्षे बहात्तर, राहणार रंगून, सत्ताविसावी गल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने, स्वहस्ते लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. याआधी दोनदा लिहायला बसले आणि कंटाळून उठले. ते दोन्ही कागद रद्द समजावेत.

१. माझ्या राहत्या घरात मा खिन थानने हयात असेपर्यंत राहावं. तिने माझ्याकडे एकतीस वर्षं स्वयंपाक केला आणि रोज माझी बोलणी खाल्ली. तिच्या पश्चात घर आमच्या यहुदी प्रार्थनाघराला जावं. मात्र कलम चारमधली अट पाळली तरच.

२. शनिवारच्या कोंबडी-भाताचं तांब्याचं पातेलं भाची फ्लोराला. "रहमामामींचा भात गिचका होतो" असं ती जन्मभर सांगत फिरली. आता स्वतः करून बघावा.

३. कपडे, पलंग, कपाट जो मागेल त्याला द्यावं. मला आता या गोष्टींचा विचार करायचाही शीण येतो.

४. चांदीची डाळिंबं. तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, पेटीवर बसवायची ही दोन डाळिंबं, बारीक घंटांची, माझ्या यजमानांनी १९२२ साली प्रार्थनाघराला दिली. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उजव्यावर त्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं नाव कोरलं: सिम्हा. डावं कोरं ठेवलं. मी विचारलं, "हे कोणासाठी?" तर म्हणाले, "तुझ्यासाठी. घाई नाही." माणूस वाईट नव्हता. त्यांना वाटलं, बायको खूश होईल.

तेव्हापासून दर शनिवारी पेटी फिरवली जायची, घंटा वाजायच्या, आणि मी बायकांच्या सज्जातून माझ्या मरणाची रिकामी जागा बघत बसायचे. शेजारणी कोपरखळी मारायच्या, "रहमा, अजून कोरंच का गं?" जपानी आले तेव्हा तीच डाळिंबं मी तांदळाच्या पोत्यात दडवून कलकत्त्याला नेली आणि परत आणली. चांदी घासायचं काम तर पहिल्यापासून माझ्याच गळ्यात. सिम्हाचं नाव मी इतक्यांदा घासलं की तिच्यावरचा माझा राग कधीचाच पुसला गेला.

१९२४ साली मला मुलगी झाली. सहाव्या रात्री बायकांनी गाणी म्हटली, मुलांना खाऊ वाटला आणि तिचं नाव ठेवलं. बाविसाव्या दिवशी ती गेली. तीस दिवस भरले नाहीत तर आमच्यात त्या मुलाचं सुतक नाही, मागे प्रार्थना नाही, कबरीवर दगड नाही. पुरुष तिला घेऊन गेले. कुठे पुरलं ते मला सांगितलं नाही. यजमान म्हणाले, "रडू नकोस, रीत नाही." मग मी कोणासमोर रडले नाही.

यजमानांच्या मागे माझ्या नणंदेचा मुलगा ससून विश्वस्त झाला. मी त्याला म्हटलं, कोऱ्या डाळिंबावर तिचं नाव घालू या.

"अहो मामी, तीस दिवससुद्धा नव्हती ती! आणि ती जागा तुमची आहे."

"माझी आहे ना? मग मी तिला देते."

"असं देता येत नाही. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, ससून? निम्मे लंडनला गेले, निम्मे सिडनीला."

"तरीपण," म्हणाला, आणि टोपी घालून चालता झाला.

तर ससून, आता नीट वाच. १९५७च्या वल्हांडणाच्या सणाआधी घासायला म्हणून डाळिंबं घरी आणली, ती मी चांदीकाम करणाऱ्या ऊ बा हलाइंगकडे नेली. अक्षरं कागदावर काढून दिली, ती त्याने जशीच्या तशी कोरली. त्याने विचारलं, "ही कोण?" म्हटलं, "माझी मुलगी." तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं, म्हणून त्याच्या दुकानात बसून मी पोटभर रडले.

चार वर्षं तू ती पेटी उचलतो आहेस. दर शनिवारी तिला हात लावून बोटं ओठांना लावतोस. डाव्या डाळिंबाकडे कोणी पाहिलंच नाही, कारण तिथे काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अट एवढीच: ते नाव खरवडायचं नाही. चांदी परदेशी पाठवायची वेळ आली तर दोन्ही डाळिंबं एकत्र जावीत. सिम्हा तिला सांभाळेल. नाव खरवडलं, तर घर कायमचं मा खिनचं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्याला वाचायचं असेल त्याने तिथे जाऊन वाचावं.

५. माझं नाव कशावरही कोरू नये. मी थकले आहे, आणि माझी जागा भरली आहे.

रंगून, ता. ९ मार्च १९६१
(सही) रहमा हेस्केल मेनाशे

साक्षीदार:
१. ऊ बा हलाइंग, चांदीकाम करणारा.
२. ससून इलायस, विश्वस्त. मामींनी कागद पुढे केला तेव्हा सही न करता उठून गेलो होतो. प्रार्थनाघर उघडलं, चष्मा लावला, वाचलं, आणि परत येऊन सही केली. तिथे कोरलंय: लुलू – हेस्केल आणि रहमा यांची मुलगी.