निळ्या पट्ट्याची बिटं

१४ मार्च, गुरुवार

धाकट्या,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायची सवय आहे म्हणून लिहिले, त्यावरून मी खुशीत आहे असा अंदाज बांधू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आईचा गुडघा कसा आहे? झोपताना तेल चोळायचं असतं, नुसती बाटली उशाशी ठेवून भागत नाही. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग.

इकडे दुकान चाललंय. ड्रिलच्या रॉडला लावायचं ग्रीस महागलं. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून पाण्यात कालवतात ती माती या खेपेला अर्धी ओलीच आली. ट्रकवाल्याला म्हटलं, "अरे, ही कालवूनच आणलीस का?" तर दात काढून म्हणतो, "मावशी, तुमच्या गिऱ्हाइकाचं काम वाचवलं." असल्या माणसांशी भांडायला मला आवडतं. ती निदान तोंडावर खोटं बोलतात.

तुझं माहितीपत्रक मिळालं. कागद काय गुळगुळीत! पहिल्या पानावर तू, अंगात कोट, आणि हातात खडक कापायचं बिट असं उंच धरलंयस की जणू करंडक जिंकलायस. बिट उलटं धरलंयस. माझ्या काउंटरमागे इतकी वर्षं काढलीस आणि त्याचं तोंड कुठलं, बूड कुठलं हे कोटात शिरल्याबरोबर विसरलास. खाली छापलंयस, 'खनिज शोधाच्या क्षेत्रातलं विश्वासाचं नाव.' हे वाक्य कुणी लिहून दिलं रे? त्याला पैसे दिलेस, की त्यालाही बिटंच दिलीस? पत्रक मी फेकलेलं नाही. तोटीचा थेंब गळतो, तिथे खाली अंथरलंय. कागद खरंच चांगला आहे, पाणी झिरपत नाही.

असो. ढब्बू खनिज शोधाच्या कॅम्पवरून आला होता.

मधली गेल्यापासून त्याला मावशी म्हणजे मी आणि मामा म्हणजे तू, एवढंच आजोळ उरलंय. त्याने पिशवीतून बिटं काढली आणि एकेक करून काउंटरवर मांडली. झिजलेली बिटं मी मोडीत घेते, त्यातले हिऱ्यांचे कण काढणारे लोक ती माझ्याकडून नेतात, हे तुला ठाऊक आहे. पण ही झिजलेली नव्हतीच. तोंडं काळीनिळी, पाणी जायच्या खाचा वितळून बुजलेल्या.

"मोडीत घे," म्हणाला.

"ही तर नवी दिसतात रे."

"नवीच होती."

"मग?"

"मला रिगच्या मशीनवरून उतरवलंय, मावशी. साहेब म्हणतात, हात जड आहे, लागोपाठ बिटं जाळतो. सध्या दगडाच्या नमुन्यांच्या पेट्या उचलतोय. सोमवारी घरी पाठवणार आहेत."

चहा दिला तर नको म्हणाला. ढब्बूने चहा नाकारला, यावरून काय ते समज. हा पोरगा रॉडच्या थरथरण्यावरून खालचा खडक बदलला हे ओळखतो. त्याला 'जड हाताचा' म्हणून घरी पाठवलं तर पुढे कुठली रिग त्याला उभं करेल? या धंद्यात माणसाच्या आधी त्याची कीर्ती पोचते.

बिटांवर तुझ्या दुकानाचं चकचकीत नाव होतं, आणि निळा पट्टा. मी चाकूचं टोक घेऊन पट्टा खरवडला. निळ्याच्या खाली पिवळा.

आता तुला समजावून सांगते, कोटाच्या उबेत वितळून गेलं असेल म्हणून. निळा पट्टा मऊ धातूच्या बिटाला, पिवळा कठीण धातूच्या. कठीण खडकाला मऊ बिट लागतं, कारण धातू झिजत गेला तरच आतले हिऱ्याचे नवे कण उघडे पडतात. कठीण बिट तिथे घातलं की ते झिजत नाही, नुसतं घासून गुळगुळीत होतं. माणूस जोर वाढवतो, बिट तापतं, जळतं. कॅम्पचा खडक कठीण, त्यांनी निळी मागवली. तुझ्याकडे पिवळी पडून होती, कुणी उचलत नव्हतं. मग तू ती निळी केलीस. किती सोपं! खडकाला मात्र रंग दिसत नाही, हे राहून गेलं.

आणि रंगाचा डबा माझ्याच दुकानातून नेलास. फाटकाला लावायचाय म्हणालास. मी वेडी, चांगला ब्रशही निवडून दिला. फाटक अजून गंजलेलंच आहे, आई सांगत होती.

मी ढब्बूला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसरं जळलं तेव्हा. मामाचं नाव घेऊ नकोस."

"साहेबांना का नाही सांगितलंस?"

"आजी त्याच्याकडे असते ना."

मी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. काउंटर स्वच्छच होता.

त्यानंतर तुला फोन केला तो एकदाच तू उचललास. काय म्हणालास ते आठवतंय? "ताई, धंद्यात चालायचंच. पोराला मी कुठेतरी चिकटवतो. तू कशाला मध्ये पडतेस? आई इथे मजेत आहे, उगाच तिला त्रास कशाला!" मी आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं, धाकट्या. गोडच बोललास. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय काळजी आहे मुलाला आईची! मला मात्र तुझ्या दाराची कडी ऐकू आली.

खरं सांगायचं तर हे पत्र मी मघापासून ग्रीसवरून मातीवर आणि मातीवरून कोटावर फिरवतेय ते याचसाठी. मला भीती वाटते. तू आईला भेटू दिलं नाहीस तर काय, याची. बिटाला रंग फासणं ही भामटेगिरी झाली, ती करणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्याबरोबर चहाही प्यायलेय. पण आईला दाराआड उभं करून बहिणीला गप्प बसवणारा तू पहिलाच. आणि भाचा तिकडे तुझ्यासाठी पेट्या उचलतोय! तुझी कीव येईल असं वाटलं होतं. किळस आली.

आता ऐक. हे पत्र ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय, उद्या तुला मिळेल. सोमवारी सकाळी मी त्याच्याच ट्रकमधून कॅम्पवर जाणार आहे, बिटं आणि चाकू घेऊन. साहेबांच्या टेबलावर पट्टा खरवडून दाखवीन. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर बोलणी खाशील, माल परत घ्यावा लागेल, कदाचित ते गिऱ्हाईकही जाईल, पण ढब्बू पुन्हा रिगवर चढेल आणि त्याला मामा उरेल. तू आधी जावंस असं मला फार वाटतं. या पत्रातलं हे एकच गोड वाक्य आहे, दोनदा वाच.

नाही गेलास तर मी जाईन. मग तू दार लावून घेशील. लाव. मी पायरीवर बसेन. आईचे कान अजून शाबूत आहेत आणि माझा आवाज तुला माहीत आहे. गुडघ्याची चौकशी मी रस्त्यावरूनही करू शकते. तेव्हा सगळ्या आळीला कळेल, मी बाहेर का बसलेय ते.

सोमवारपर्यंत तुझी,
ताई