तुझ्या वाडीतले बटाटे

आई, तुझ्या वाडीत आता बटाटे लावतात. गोराईच्या खाऱ्या वाऱ्यात बटाटे! तुला हसू आलं असतं. तू वांगी, मुळे आणि लाल माठ यांच्यापलीकडे कधी गेली नाहीस, आणि तेच टोपलीत भरून, होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात विकायचीस. हे बटाटे तुझ्या सुनेचे. तू तिला पाहिलंच नाहीस. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी धाकट्याने लग्न केलं. मुलगी विक्रोळीच्या चाळीत वाढलेली, पण दिवाळीची प्रत्येक सुट्टी मंचरकडे मामाच्या शेतात, बटाट्याच्या लागवडीत घालवलेली.

वाडी लग्नाच्या लॉनसाठी भाड्याने द्यायची, असं आम्हा भावाबहिणीचं जवळजवळ ठरलं होतं. जमीन दोघांच्या नावावर, म्हणजे माझी सही लागणारच. तेव्हा ही म्हणाली, "ताई, मला दोन हंगाम द्या. बटाट्याने नफा नाही दिला, तर मीच लॉनवाल्याला बोलावीन." मी लगेच हो म्हटलं. हिची वाट लागणार याची मला खात्री होती.

आणि लागलीच. तुझ्याच स्वयंपाकघरात बसून तिने बियाणं कापलं होतं, प्रत्येक फोडीला एक डोळा ठेवून, वर राख चोळून. पण पाणी जास्त झालं आणि अर्धं पीक जमिनीतच सडलं. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी गेले, तर ती त्या घाणीत बसून बरेवाईट निवडत होती. "होतं गं असं," मी म्हणाले. परतताना मला इतकं हलकं वाटत होतं की बोरिवलीला उतरून मी सुरमई घेतली.

दुसऱ्या वर्षी तिने वरंबे उंच केले, पाणी तोडलं, झाडांना दोनदा मातीची भर दिली. जुहूच्या एका हॉटेलवाल्याला गोटीएवढे बटाटे सालीसकट हवे होते, ते त्याला. मोठे बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये, फोनवर ऑर्डर घेऊन. काढणीच्या दिवशी मी मुद्दाम चर्चमधून थेट गेले. ओढणी कमरेला खोचून, एक गुडघा वर घेऊन ती सरीत बसली आहे. एवढ्यात शेजारच्या वाडीतली तुझी मैत्रीण कुंपणाशी थांबते. "अगं बाई," ती म्हणते, "मला वाटलं, तुमची आईच बसलीय." आणि बघते सुनेकडे. मी तिथेच उभी होते, आई. तुझं नाक माझ्याकडे आहे. तुझी हनुवटी माझ्याकडे आहे.

मला तो मुळ्यांचा वाफा आठवला. मी शाळेत होते, तुझ्याशेजारी खुरपं घेऊन बसले, तर तू ते हिसकावून घेतलंस आणि पाठीत धपाटा घातलास. "ऊठ. मातीत हात घालायला शाळेत घातलं का तुला?" धाकटा तिथेच चिखलात लोळत होता; त्याला एक शब्द नाही. मी उठले, शिकले, बँकेत लागले, पंख्याखालून एसीत गेले. तू गावभर सांगत फिरलीस. तुझं सगळं ऐकलं मी, आणि तू मात्र दुसऱ्याच कुणाच्या बसण्या-उठण्यात जाऊन राहिलीस.

"दोन हंगाम झाले ना?" मी म्हणाले. "लॉनवाल्याचा परत फोन होता."

धाकटा बघतच राहिला. "ताई, नफा झालाय यार. आता काय?"

तिने हात झटकले. "जागा द्यायचीय तुम्हाला, की मी इथे बसलेली बघवत नाही?"

मी तिच्या शेजारी पडलेल्या खुरप्याकडे बघितलं. ती थोडी सरकली. "बसा मग."

मी चर्चच्या साडीतच खुरपं घेऊन बसले. पहिलाच घाव बटाट्यातून आरपार गेला. "झाडाच्या बुडात नाही ताई," ती म्हणाली, "लांबून घाला, आणि खालून उचला." एवढंच. तू मला कधी एवढंही सांगितलं नव्हतंस. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते. निघताना लॉनवाल्याला नाही म्हणून कळवलं.

मत्सर गेला असं समजू नकोस. ती उभी राहून घाम पुसते, तेव्हा आजही मी नजर दुसरीकडे वळवते. हे सगळं तुझ्या कबरीवर जाऊन वाचावं म्हटलं, तर तिथेही ताजी फुलं तिचीच असतात. म्हणून हे लिहून माझ्याजवळच राहू देते.

एक मात्र सांगते. तिने पाठवलेली बटाट्यांची पिशवी मी माझ्या सोसायटीत वाटली. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही लावलेत?" मी हो म्हणाले. "तुम्हाला येतं हे सगळं?"

"आईने शिकवलं," मी म्हणाले.