बॉनेट बंद होईपर्यंत

मी, गॅरेजवाला मिस्तरी, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी विचारले, "मन शांत आहे ना?" मी म्हणालो, "शांत नाही, पण ठिकाणावर आहे." त्यांनी तसा दाखला दिला. कोणाचे दडपण नाही. घरात माझे कोणी ऐकतच नाही, दडपण कशाला आणतील? शाळा पाचवीपर्यंत झाली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या बायकोला. तिने कोणाच्याही रडगाण्याला भुलून ती मोडू नये.

२. गॅरेज, जॅक, पाने व वेल्डिंगचे सामान मुलाला. हे लिहिताना हात आखडतो. लोकांच्या गाड्या त्याच्या हाताखाली जाणार, या विचाराने झोप लागत नाही. पण दुसरे त्याला येते काय?

३. मागच्या शेडमधली जुनी गाडी त्याला मिळणार नाही. कारण लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारा चळला म्हणतील.

गाडीचे इंजिन जाम झाले म्हणून एका पिकअप टेम्पोचे आणले. ते बसेना. त्याच्या खालचे ऑइल चेंबर पुढच्या आडव्या दांड्याला अडत होते. मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो, तेवढ्यात चिरंजीवांनी ग्राइंडरने तो दांडाच अर्धा कापला. घरी येऊन त्यावर बोट फिरवले, तेव्हा कळले. त्या दांड्यावर पुढची चाके तोललेली असतात! वर पुट्टी भरून काळा रंग फासलेला, जणू उकिरड्यावर चादर. शी! मी पट्ट्या जोडून दांडा पुन्हा धड केला आणि चेंबरचा खोल भाग मागे घेतला.

मग बॉनेट लागेना. तो म्हणतो, "बाबा, वर भोक पाडू, झाकण बसवू. कोण बघतंय?" मी बघतोय ना, गाढवा!

सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिने तिथले चावा तपासायचे मेण आणले, त्याच्या गोळ्या इंजिनावर ठेवल्या आणि बॉनेट अलगद टेकवले. हा दारातून हसला, "बाबांची कवळी अजून बसली नाही, आता गाडीची बसवतेस?" बॉनेट उचलले. बाकी गोळ्या तशाच, एकच चपटी: एअर फिल्टरच्या डब्यावरची. म्हणजे इंजिन अडतच नव्हते. डबा बाजूला घेऊन पाइप जोडला की झाले. माझे हात थरथरतात, म्हणून ते राहिले आहे.

४. म्हणून गाडी व शेडची किल्ली सूनबाईला. मुलगा ओरडला, "बायकोच्या नावावर? लोक हसतील!" हसू देत. तो कापलेला दांडा बघितला असता तर रडले असते.

५. सूनबाई मऊ आहे, याचा मला घोर आहे. परवा म्हणाली, "बाबा, हे गयावया करतील, मी काय करू?" तर असे करावे. तो स्वतः मेण घेऊन "माप घेऊ का?" असे विचारत आला, तर दार उघडावे. डब्याचे काम त्यालाच द्यावे आणि गाडीत बरोबरीचा हिस्सा द्यावा. ग्राइंडर घेऊन आला, तर तो माझा मुलगा आहे हे विसरावे. गिऱ्हाइकासारखे बाहेरच्या बाकावर बसवावे आणि सांगावे, मिस्तरी वारले, आता इथे कापाकापी होत नाही.

हे मी दोनदा वाचले, मग शिंप्याकडून मोठ्याने वाचून घेतले. यात फिरवण्यासारखे काही नाही.

सही : मिस्तरी
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी  २. दाखला देणारे डॉक्टर
ठिकाण : गॅरेजमागची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी