अंगापेक्षा मोठी फळी

औंढे,
ता. ६ ऑक्टोबर २०२४

आधी तक्रार ऐक, मंग आशीर्वाद. काल शेजारचा हौशीराम मोबाईल घिऊन आला आन् माझ्या नाकासमोर धरला. समुद्र, समुद्रावर एक फळी, आन् फळीवर अर्धी चड्डी घालून उभी माझी नात. सगळ्या औंढ्यानं बघून झाल्यावर आजीची पाळी. मी त्याला म्हणले, ही आमची न्हवं, आमची सानिका मालवणात लॉजवर पावण्यांची नावं लिवती. तो दात काढून हसला. या वयात मला गावापुढं खोटं पाडलंस.

चि. सानिकास आजीचा आशीर्वाद. मी बरी हाय. उजवा कान पार गेला, डावा निम्मा हाय, म्हणून फोन करू नका, मला नुसती खरखर ऐकू येती. पत्र लिवा. चौथी शिकले ती आता कामाला येती. भात पिवळं पडाया लागलंय. खालचं खाचर रानडुकरांनी लोळवलं. त्यांना कुणी शिकवलं न्हाई, तरी बरोबर चांगलंच खाचर निवडत्यात.

आता सांग. ती फळी कुणाची? किती लांब? कुणाच्या मापानं घेतली? तुझा धाकटा भाऊ पाण्यात गेला, त्याला डिसेंबरात तीन वर्सं व्हतील, आन् तू पाण्यावर उभी राहतीस, हे तुझ्या बापाला चालतं का? त्याला मी इचारलं असतं, पण तो माझ्याशी बोलतो कुटं? लोणावळ्याच्या मेडिकलवाल्याला सांगून माझी औषधं घरपोच करतो. गोळी कवा घ्यायची ते पाकिटावर लिवलेलं असतं, तेबी मेडिकलवाल्याच्या हातचं. म्हणून तुला इचारते.

माया हाय तेवढी असू द्या. वाढवलीत तर घरात जागा लय हाय.

तुझी आजी,
येसूबाई


मालवण,
ता. १५ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस सानिकाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईनं वाचलं आणि तोंडावर पदर धरून हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून तुझा राग मला गोडच लागला. आजी, ती चड्डी नाही, पोहण्याचा पोशाख आहे. साडी नेसून त्या फळीवर उभं राहता येत नाही.

याला सर्फिंग म्हणतात. लाटेच्या पुढे फळी वल्हवायची, लाटेनं उचललं की उभं राहायचं. मला शिकवतात ते अनस सर आपल्या लोणावळ्याचेच, तुझी पोलकी शिवणाऱ्या उम्मेहानी मावशींचा मुलगा. दीड वर्ष झालं, त्यांच्याकडची आठ फुटी फळी वापरते. लॉजवर नावं लिहिते हेही खरं आहे, पण सकाळी समुद्रावर असते. जानेवारीत परीक्षा आहे. पास झाले तर सरांच्या हाताखाली शिकवायला लागेन. मला दुसरं काही इतकं येत नाही, आजी. सरावासाठी स्वतःची फळी हवी, आणि तिथंच घरात बिनसलंय.

फळी माणसाची उंची, वजन आणि कसब बघून घेतात. लांब, रुंद, जाड फळी चांगली तरंगते, डगमगत नाही. आखूड, निमुळती फळी चटकन वळते, पण ती मुरलेल्यांनी घ्यावी. मी पाच फूट एक इंच, शेहेचाळीस किलो. सर म्हणाले, साडेसात फुटाची घे, गोल तोंडाची, तुझ्या अंगाला लागते त्याहून थोडी मोठीच.

बाबा शेजारीच उभे होते. मी समुद्रात जाते ते त्यांना आवडत नाही, पण दीड वर्षात त्यांनी मला अडवलं नव्हतं. रोज किनाऱ्यावर येऊन बसतात, मी बाहेर येईपर्यंत हलत नाहीत. ‘मोठी’ हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला. सरांना म्हणाले, आमच्या घरात मापापेक्षा मोठं काही येणार नाही. घरी येऊन त्यांनी मला चौकटीला उभं केलं आणि टेपनं तीनदा मोजलं. म्हणतात, पाच फूट एक इंचाचीच फळी बनवून घ्यायची. आई म्हणते, तो शब्द पुन्हा काढू नकोस.

समर्थ गेला तेव्हा मी शाळेसाठी तुझ्याकडे होते. तो होडीतून पडला, एवढंच मला सांगितलं. शाळेतली मुलं त्याच्या जाकिटाबद्दल काहीतरी कुजबुजायची. तुला माहीत असेल तर सांग. मी आता सतरा वर्षांची आहे.

आईचा नमस्कार. बाबा इथंच बसलेत, पण नमस्कार लिहू का विचारलं तर उठून गेले. माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
सानिका


औंढे,
ता. २४ ऑक्टोबर २०२४

चि. सानिकास आशीर्वाद.

इचारलंस, तर सांगते. एकदाच सांगीन.

तुझ्या बापानं तवा धरणाकाठी, तुझ्या आईच्या, सविताच्या माहेरच्या रानात, पावण्यांसाठी तंबू टाकले व्हते. एक होडी व्हती. दिवाळीच्या आधी मी आन् तो लोणावळ्याच्या बाजारात गेलतो. समर्थला पाण्यात तरंगायचं जाकीट घ्यायचं व्हतं. दुकानदारानं दोन काढली. एक पोराच्या मापाचं, छातीला घट्ट बसणारं. दुसरं मोठं. दुकानदार म्हणला घट्टच पायजे. निलेशनं घट्टच हातात घेतलं व्हतं. मी म्हणले, “मोठं घे. वाढतं अंग हाय पोराचं.”

मी जलमभर तेच केलंय. निलेशचा शाळेचा गणवेश, तुझ्या चपला, समदं एक माप मोठं. खाली दुमड घालायची, पुढं चिंधी कोंबायची, पोरं वाढत्यात. दुकानदार दोनदा विकायला बघतो असं मला वाटलं. निलेशनं घट्ट जाकीट खाली ठेवलं. आईचं ऐकलं.

डिसेंबरात दोघं बापलेक पलीकडनं लाकडं आणायला गेले. वारा आला, होडी कलंडली. जाकीट वर तरंगलं, ते त्याचं कामच व्हतं. नऊ वर्सांचं पोरगं त्याच्या खालनं निसटलं. तुझ्या बापानं हात टाकला, तर हातात जाकीट आलं. मोकळं.

दहाव्याला मी वाट बघितली, आता बोलंल. तेराव्याला बघितली. न्हाई बोलला. तंबू गुंडाळले, तुला शाळेतनं काढलं, आन् कोकणात निघाले. जाताना माझ्या पाया पडला. पाया पडला, पण तोंड उघडलं न्हाई. माझीबी जीभ अशी, गाव म्हणतं तिला हाड न्हाई, पण त्या दिवशी ती हलली न्हाई.

म्हणून फळीचं मला इचारू नगं. ‘मोठं घे’ हे माझ्या तोंडाला आता शोभत न्हाई. बाप मापाची म्हणतो, तर मापाची घे. त्यानं दुकानात माझं ऐकलं, तू आता त्याचं ऐक.

भात कापायला आलंय. माणसं मिळंनात. जेवत जा. शेहेचाळीस किलो म्हंजी काय, तांदळाचं पोतंबी तुझ्याहून जड असतं.

येसूबाई


मालवण,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी चार दिवस उशाखाली ठेवलं. आईला सांगितलं नाही. बाबांना दाखवलं नाही. तुझ्यावर मी रागावलेले नाही, एवढं आधी वाच आणि मग पुढचं.

दिवाळी झाल्यावर फळी आली. पाच फूट एक इंच, टोकदार, अंगाएवढी. बाबांनी ती भिंतीला उभी केली, मला शेजारी उभं केलं आणि डोक्यावरून तळहात फिरवून बघितलं. बरोबर आहे, म्हणाले. खूप सुंदर होती, आजी. पण मी पोटावर पडले की ती माझ्याखाली बुडायची. वल्हवून वल्हवून खांदे जायचे, लाट निघून जायची. सर म्हणायचे माझी जुनीच घेऊन जा, पण मी घेतली नाही. बाबा बघत असायचे ना.

गेल्या शुक्रवारी लाट मोठी होती. उठायला गेले, तर फळीचं तोंडच पाण्यात घुसलं. मी पुढे फेकले गेले आणि फळी उलटून वर आली. तिच्या पोटाला पाती असतात, त्यातली एक भुवईच्या वर लागली. सात टाके पडले. डोळा वाचला. काळजी करू नकोस, मी स्वतः लिहितेय हे बघ.

बाबा पाण्यात धावले होते, कपड्यांसकट. तीन वर्षांत ते पहिल्यांदा पाण्यात उतरले. मला बाहेर काढलं तेव्हा माझा दंड इतका आवळला होता की बोटं अजून उमटलेली आहेत. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते काय झालं, तर बाबा एकच सांगत राहिले, की मी नीट मोजलं होतं, एक बोट जास्त ठेवलं नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच.

आता फळी कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. समुद्राचं नावच काढायचं नाही म्हणतात. सर घरी येऊन गेले. दोष समुद्राचा नाही, मुलीचाही नाही, फळी लहान पडली, असं त्यांनी समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. परीक्षेला दोन महिने राहिलेत. मला पाण्याची भीती वाटत नाही, आजी. घरात वाटते. रात्रंदिवस कुणी बोलत नाही.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सानिका


औंढे,
ता. २० नोव्हेंबर २०२४

सानिका, पाकिटावर नाव तुझं हाय, पण पत्र तुझ्या बापाचं हाय. त्याच्या हातात दे आन् तू बाहेर जा.

चि. निलेश, अनेक आशीर्वाद.

माझ्या दोन चुका हायेत. पैली तुला ठावं हाय. दुसरी आत्ताची. पोरीनं मला फळीचं इचारलं, तवा मी भिऊन गप बसले आन् बाप म्हणतो तसं कर म्हणून लिवलं. त्या भ्याचे टाके पोरीच्या कपाळावर हायेत.

तिचं पत्र आलं तशी मी जीपनं लोणावळ्याला उम्मेहानीकडं गेले. भात मळायचं तसंच टाकलं. तिला अनसनं समदं कळवलं व्हतं. तिनं माझ्या डाव्या कानात वरडून सांगितलं, की चाळीस वर्सं मी टेप गळ्यात घालून बसले, पोलकं बोटभर ढिलं झालं तर उसवून परत शिवते, पण अंथरायची गोधडी शिवताना आजवर कुणाचं माप घेतलं न्हाई. मी म्हणले गोधडीचं काय मधीच? तर म्हणली, येसूबाई, घरी जा आन् विचार कर.

जीपमधी विचार केला. चिखलणीला बैलांमागं आपण फळी वढायचो, खाचर सारखं करायला. वजन म्हणून वर पोर उभं करायचो. तू उभा राहिलास, सानिका उभी राहिली. एका वर्सी तुझ्या बापानं मोडक्या फळीचा आखूड तुकडा जुंपला व्हता, आठवतं का? तुझं पैलंच खाचर. तिचं तोंड चिखलात घुसलं आन् तू बैलांच्या पायापाशी पडलास. तुझ्या बापानं दुसऱ्या दिवशी लांब रुंद फळी आणली, तुझ्या दुप्पट. तिच्यावर तू सांजपातूर उभा व्हतास, उतरायला तयार न्हवतास.

निलेश, अंगावर घालायचं ते मापात पायजे. अंगाखाली घ्यायचं ते ऐसपैस पायजे. हे शिवणारीला ठावं हाय, आन् शेतकऱ्यालाबी ठावं हाय. आपण दोघं तेवढं इसरलो. मी अंगावरचं मोठं घेतलं. तू अंगाखालचं लहान घेतलंस. एक बोट जास्त ठेवलं न्हाई असं तू डॉक्टरला सांगत व्हतास म्हणं. ते मी वाचलं तवा कळलं. ती फळी तू सानिकासाठी मोजली न्हाईस. समर्थसाठी मोजलीस. त्याचं माप आता कुणालाच घेता यायचं न्हाई, बाळा. तुलाबी न्हाई, मलाबी न्हाई.

म्हणून मी परत म्हणते. मोठी घे. साडेसात फुटाची, गोल तोंडाची, अनस सांगतो ती. हा शब्द लिवायला मला दोन दिवस लागले. पैल्या कागदावर लिवला आन् चुलीत घातला.

ऐकायचं का न्हाई ते तू ठरव. मागच्या बारीला ऐकलंस, म्हणून सवतावर राग धरलास, का मी बोलले म्हणून माझ्यावर, ते मला तीन वर्सं कळलं न्हाई. हितं एकटी बसून दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं. दोन्हीतलं जे असंल ते कळव. मला वाचता येतं. आन् माझ्यावरचा असंल तर सविता मधी पडंल, तिला पडू देऊ नगं.

कोठीचं कुलूप काढ. पोरीला लॉजवर नावं लिवायला जलमाला घातली न्हाई. तिचा भाऊ पाण्यात ऱ्हायला, तिला पाण्यावर उभं ऱ्हाता येतं, तर ऱ्हाऊ दे. तू किनाऱ्यावर बसतोस तसा बस. मला जमलं असतं तर मीबी येऊन बसले असते, पण गुडघे औंढ्याच्या पुढं येत न्हाईत.

सविताला आशीर्वाद. पोरीच्या टाक्यांना हळद लावू नका, डॉक्टर सांगंल तेच लावा. माया तुमच्याकडं असंल तर पाठवा, हितली संपली न्हाई.

तुझी आई,
येसूबाई

ता. क. या पत्राचं उत्तर निलेशनं लिवायचं, सवताच्या हातानं. सानिकानं न्हाई, सवितानंबी न्हाई. दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं तर मी पाकीट न फोडता परत धाडीन.